पन्हाळ्याचा आमदार, तीन राजभवनं!

पिंपरीत रिक्षावाल्याला नुसतं ‘डी.वाय.’ म्हणा, तो तुम्हाला थेट संत तुकारामनगरला आणून सोडेल. पण हे डी.वाय., म्हणजे ज्ञानदेव यशवंतराव पाटील, तीन राज्यांचे राज्यपाल होते हे तिथे शिकणाऱ्या किती पोरांना ठाऊक आहे? ठाऊक असायलाच हवं!

जन्म 1935चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अंबपचा. 1967 आणि 1972 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर लागोपाठ दोनदा पन्हाळ्याची आमदारकी. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली आणि 1984 मध्ये डी.वाय. यांचं, आज आकुर्डीत असलेलं, कॉलेज उभं राहिलं. पिंपरीचं मेडिकल कॉलेज आलं 1996 मध्ये. पद्मश्री त्याआधीच, 1991 ला.

27 नोव्हेंबर 2009 ला ते त्रिपुराचे राज्यपाल झाले. राहायला चक्क राजवाडा! आगरतळ्याचं राजभवन तेव्हा पुष्पवंत प्रासादात होतं. माणिक्य राजांनी 1917 मध्ये बांधलेल्या या वास्तूत रवींद्रनाथ टागोरही मुक्कामाला होते.

खरी धामधूम मात्र बिहारमध्ये. मार्च 2013 मध्ये ते राज्यपाल म्हणून पाटण्याला पोचले आणि जूनमध्येच मुख्यमंत्री नितीशकुमारांनी भाजपशी काडीमोड घेतला. पुढच्या वर्षी लोकसभेला नितीशकुमारांच्या पक्षाच्या पदरात 40 पैकी फक्त 2 जागा पडल्या. 17 मे 2014 ला नितीशकुमारांनी राजीनामा दिला आणि 20 मेला जीतनराम मांझींना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली ती याच कोल्हापूरकराने! शिवाय राज्यपाल म्हणून ते पाटणा विद्यापीठाचे पदसिद्ध कुलपती. आकुर्डी-पिंपरीत कॉलेजं काढणाऱ्या माणसाला याहून शोभणारी जबाबदारी कुठली?

त्याच काळात इकडे मुंबईत त्यांचे चिरंजीव सतेज पाटील गृहराज्यमंत्री होते. वडील राजभवनात, मुलगा मंत्रालयात!

जुलै 2014 मध्ये काही दिवस पश्चिम बंगालचाही अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे आला. एकाच व्यक्तीला दोन राज्यांचं राज्यपालपद देण्याची ही सोय 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीची. तोवर दिल्लीत सत्तापालट झाला होता आणि आधीच्या सरकारने नेमलेले बरेच राज्यपाल राजीनामे देत होते. डी.वाय. मात्र 26 नोव्हेंबर 2014 पर्यंत पदावर राहिले. त्रिपुरापासून मोजा, पाच वर्षं पूर्ण, एक दिवसही कमी नाही!