टाइमशेअर घ्यावा की नको?

उन्हाळा जवळ आला की आपल्या मंडळींत हा विषय हमखास निघतो. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या शाळा जूनअखेर बंद होतात, इस्राएलहून नाहीतर मुंबई-ठाण्याहून आजी-आजोबा येतात, आणि सहा-सात माणसांना घेऊन जायचे कुठे हा प्रश्न पडतो. मग कोणीतरी म्हणते, "आमचा ऑरलँडोला टाइमशेअर आहे, तुम्हीपण घेऊन टाका, आयुष्यभराची सोय होते." तेवढ्यात शेजारी बसलेला म्हणतो, "त्या फंदात पडू नका हो!" ऐकणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून वाचकहो, या खेपेला जरा हिशेब मांडून बघू या.

टाइमशेअर म्हणजे सुट्टीच्या ठिकाणच्या फ्लॅटमधला वर्षातला एक आठवडा. ही कल्पना मूळची युरोपातली. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली आणि फ्रान्सच्या आल्प्समध्ये १९६७ च्या सुमारास तिची सुरुवात झाली. अमेरिकेत तिला जोर आला तो १९७० नंतर. तेलाच्या टंचाईने मंदी आली, फ्लोरिडात बांधून ठेवलेले कॉन्डो विकले जाईनात. तेव्हा बिल्डर लोकांनी शक्कल काढली, की अख्खा फ्लॅट घेणारा एक गिऱ्हाईक मिळत नाही ना, मग आठवडा-आठवडा घेणारे पन्नास शोधा. १९७४ साली इंडियानापोलिसला आर.सी.आय. ही अदलाबदल करणारी कंपनी निघाली, म्हणजे आपला फ्लोरिडाचा आठवडा देऊन दुसऱ्याचा कोलोरॅडोचा घेता येऊ लागला. मॅरियट या धंद्यात १९८४ ला उतरली आणि डिस्ने १९९१ ला. मुंबईच्या नातेवाइकांना विचारा, त्यांना स्टर्लिंग आणि क्लब महिंद्रा ही नावे माहीत असतील. तिकडेही १९८६ पासून हा प्रकार आहे.

आता बिल्डरचा हिशेब बघा. उद्योगाच्या स्वतःच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे अलीकडच्या वर्षांत एका खरेदीची सरासरी किंमत २४,००० डॉलरच्या आसपास आहे. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातले दोन दुरुस्तीला ठेवले तरी ५० उरतात. पन्नास जणांकडून चोवीस-चोवीस हजार म्हणजे एका फ्लॅटचे १२ लाख डॉलर झाले! तेवढ्या पैशांत ऑरलँडोच्या बाजूला केवढे मोठे घर येते ते कोणालाही विचारा. मग हा जादा पैसा जातो कुठे? त्यातला मोठा हिस्सा विक्रीवरच खर्च होतो. तुम्हाला फुकट मिळालेली डिस्नेची तिकिटे, ब्रेकफास्ट, सेल्समनचे कमिशन, हे सारे त्या चोवीस हजारांतूनच निघते. म्हणूनच विकत घेतलेला आठवडा दुसऱ्या दिवशी विकायला काढला तर किंमत पार कोसळते. इ-बेवर एक डॉलरला टाइमशेअर काढलेले लोक दिसतात आणि तरी घेणारा मिळत नाही. घर म्हणून घेतलेली वस्तू वाढते, ही आपल्या लोकांची समजूत इथे लागू नाही. शिवाय तोट्यात विकला तर तो तोटा इन्कम टॅक्समध्ये वजाही करता येत नाही.

पण खरी मेख किंमतीत नाही, मेंटेनन्स फीमध्ये आहे. किंमत एकदाच द्यायची असते, फी दर वर्षी. तुम्ही गेलात, नाही गेलात, आजारी पडलात, करोनाच्या साथीत २०२० साली विमाने बंद होती, तरी बिल यायचे ते आलेच.

समजा २४,००० ला घेतला, पहिल्या वर्षी फी १,२०० डॉलर, आणि ती दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेली. विसाव्या वर्षी फी ३,००० च्या वर जाते, आणि वीस वर्षांची नुसती फी ३९,७०० च्या घरात. किंमत धरून एकूण ६३,७०० डॉलर. वीस आठवडे म्हणजे १४० रात्री, रात्रीला पडले ४५५ डॉलर. हे रोख घेतला तर! बहुतेक लोक हप्त्यांवर घेतात, आणि कंपनीच्या कर्जाचे व्याज १५ टक्के असणे काही नवलाचे नाही. ४,८०० रोख भरून बाकीचे १९,२०० दहा वर्षांच्या हप्त्यांवर घेतले तर महिन्याला ३१० डॉलर, आणि नुसते व्याजच जवळजवळ १८,००० होते. मग रात्रीचा दर ५८० च्या पुढे. यात विमानाचे भाडे नाही, पार्कची तिकिटे नाहीत, स्पेशल असेसमेंट नाही. वादळाने छप्पर उडाले तर त्याचा खर्चही मालकांकडूनच वसूल होतो, आणि फ्लोरिडात वादळ काही पाहुणा नाही.

एवढे लिहिले म्हणून टाइमशेअर म्हणजे नुसती फसवणूक असे मी म्हणणार नाही. दोन बेडरूमचा फ्लॅट, हॉल, धुण्याचे मशीन आणि मुख्य म्हणजे किचन, ही आपल्यासारख्या कुटुंबाला मोठी सोय आहे. जुलैत हॉटेलच्या दोन खोल्या घ्या, तीन वेळ बाहेर खा आणि बघा बिल. त्यातून घरात काशेर पाळत असाल तर हॉटेलात फार पंचाईत होते. फ्लॅट असला की आपली भांडी, आपला मसाला, नारळाच्या दुधाचे दोन डबे बॅगेत टाकले की संध्याकाळी घरच्यासारखी मटणाची आमटी होते. आजोबांना पथ्याचे वेगळे करता येते. ज्यांची मुले पाच ते पंधरा वर्षांची आहेत, जे खरोखर दर वर्षी जातात आणि वर्षभर आधी बेत ठरवू शकतात, त्यांना याचा आनंद मिळतो, हे मी पाहिले आहे.

मात्र आपल्या सणांचे काय, हा प्रश्न सेल्समन कधी विचारणार नाही. जुन्या पद्धतीच्या टाइमशेअरमध्ये आठवड्याला नंबर असतो आणि तो इंग्रजी कॅलेंडरला बांधलेला असतो. पेसाहची पहिली रात्र २०२४ ला २२ एप्रिलला होती, २०२५ ला १२ एप्रिलला, २०२६ ला १ एप्रिलला, आणि २०२७ ला पुन्हा २१ एप्रिलला. एप्रिलचा एक आठवडा कायमचा विकत घेतलात तर एका वर्षी तो सणाच्या आधी येईल, एका वर्षी नंतर, आणि एका वर्षी नेमका सेदेरच्या रात्री तुम्ही सामान बांधत असाल. शिवाय हे आठवडे पुष्कळदा शनिवार ते शनिवार असतात. चेक-इन दुपारी चारला, आणि ऑरलँडोला जूनमध्ये शब्बाथ संपतो रात्री नऊच्या सुमारास. शब्बाथ पाळणाऱ्याने एक दिवस आधीच गमावला. हल्ली बहुतेक कंपन्या आठवड्याऐवजी पॉइंट्स विकतात, त्यात तारखा बदलता येतात हे खरे. पण शाळेच्या सुट्टीच्या आठवड्याला पॉइंट्स जास्त लागतात आणि ते बुकिंग दहा-अकरा महिने आधी संपलेले असते.

मग ती सोय न विकत घेता मिळेल का? मिळते. ज्यांनी टाइमशेअर घेऊन ठेवला आहे आणि जे जाऊ शकत नाहीत, असे मालक आपला आठवडा भाड्याने देतात, पुष्कळदा फी निघाली तरी पुरे म्हणून. तोच फ्लॅट, तेच किचन, तोच पूल, आणि पुढच्या वर्षी तुम्ही मोकळे. भाडे देण्याआधी एवढेच करा, की रिसॉर्टला फोन करून बुकिंग तुमच्या नावावर झाले आहे का ते विचारा. एवढे करूनही घ्यायचाच असेल तर आधी दोन-तीन वर्षे असा भाड्याने राहून बघा, आणि मग जुन्या मालकाकडून घ्या. त्यात काही सवलती कमी मिळतात, डिस्नेनेही २०१९ पासून अशा खरेदीदारांवर बंधने घातली आहेत, पण किंमतीतला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. डिस्नेच्या करारांना निदान शेवटची तारीख तरी असते. जुन्या बऱ्याच रिसॉर्टचे करार जानेवारी २०४२ ला संपतात. बाकी पुष्कळ ठिकाणी कागदावर 'कायमचा' असे लिहिलेले असते, आणि ते गोड मानून लोक सही करतात.

सहीबद्दल एक माहिती कापून ठेवण्यासारखी आहे. किसिमीच्या हायवे १९२ वर स्वस्त तिकिटांच्या टपऱ्या दिसतात, तिथून तुम्हाला "फक्त ९० मिनिटांच्या" प्रेझेंटेशनला नेतात. नवरा-बायको दोघांनी यायचे ही अट असते, म्हणजे "घरी विचारून सांगतो" म्हणायची सोय उरत नाही. तीन-चार तास बसवतात, मुले कंटाळतात, एक माणूस जातो, दुसरा येतो, किंमत उतरते, "आजच्यापुरती" म्हणून. सही झालीच तरी घाबरू नका. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे १० दिवसांत, न्यूयॉर्कमध्ये ७ कामाच्या दिवसांत, कॅलिफोर्नियात ७ दिवसांत आणि नेवाडात ५ दिवसांत करार रद्द करता येतो. हा हक्क काढून घेता येत नाही. पण फोनवर नाही, लेखी कळवायचे, करारात दिलेल्या पत्त्यावर, सर्टिफाइड मेलने, आणि पावती जपून ठेवायची. सुट्टी संपवून घरी येऊन कपडे धुवून होईपर्यंत हे दिवस निघून जातात, म्हणून हॉटेलातूनच पत्र टाका.

मुदत गेल्यावर सुटणे कठीण. आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. नवऱ्याने हौसेने नव्वदच्या दशकात टाइमशेअर घेतला, दहा-बारा वर्षे सगळे मजेत गेले. आता नवरा नाही, गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही, मुलगी इस्राएलला, मुलगा टेक्सासला. फी तिप्पट झाली आहे आणि ती सोशल सिक्युरिटीच्या चेकमधून जाते. मुलगा म्हणतो, "मम्मी, भरू नकोस." त्यांना भीती वाटते, कलेक्शनवाले फोन करतील. मग एका कंपनीने "आम्ही सोडवतो" म्हणून चार हजार मागितले. मुलाने वेळेवर अडवले, हे नशीब!

कारण या 'सोडवणाऱ्या' कंपन्यांचा धंदा वेगळाच आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारच्या ट्रेड कमिशनने आणि विस्कॉन्सिन राज्याने मिसुरीतल्या अशाच एका कंपन्यांच्या टोळक्यावर दावा लावला. आरोप असा, की त्यांनी मुख्यतः म्हाताऱ्या माणसांकडून ९ कोटींहून जास्त डॉलर उकळले. मेक्सिकोतल्या टाइमशेअर मालकांना तर "गिऱ्हाईक मिळाले आहे, आधी टॅक्स भरा" असे फोन येतात. अमेरिकन सरकारने २०२४ साली जाहीर केले, की २०१९ ते २०२३ मध्ये सुमारे ६,००० अमेरिकनांचे जवळजवळ ३० कोटी डॉलर असे गेले आणि त्यामागे हालिस्कोची ड्रग टोळी आहे. आधी पैसे मागणारा कोणीही असो, फोन ठेवून द्या.

सरळ रस्ता म्हणजे आधी रिसॉर्टलाच विचारणे. कर्ज फिटलेले असेल आणि फी थकलेली नसेल तर पुष्कळ मोठ्या कंपन्या डीड परत घेतात. जाहिरात करत नाहीत, मागावे लागते. त्या बाईंच्या मुलाने आता तसे पत्र लिहिले आहे.

आणि मुलांना वारसाने येईल ही भीती? वारस नको म्हणू शकतो. टाइमशेअर वापरण्याआधी लेखी नकार द्यावा लागतो, साधारण नऊ महिन्यांच्या आत, आणि राज्याचे नियम वकिलाला विचारून घ्यावे लागतात. पण सेल्समन पुष्कळदा सुचवतो, की डीडवर मुलांचीही नावे घाला, पुढची कटकट वाचेल. मुलाचे नाव डीडवर आले की तो वारस राहत नाही, मालकच होतो, आणि मग नको म्हणायची सोय संपली. कोणी घातली असतील तर डीड काढून आजच बघा.