पाचशे पाहिजेत, गप्प बसणारे!

एचआरमध्ये असल्यामुळे सीव्ही चाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. पण सध्या मला पछाडलंय ते एका जुन्या भरतीने. जागा पाचशे, हातात जेमतेम तीन आठवडे, ड्यूटी ऐन ख्रिसमसमध्ये आणि पोस्टिंग कडाक्याच्या थंडीतल्या युक्रेनमध्ये!

झालं असं, की नोव्हेंबर २००४मध्ये युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत घोटाळ्याचे आरोप झाले. लोक कीव्हच्या चौकात तंबू ठोकून बसले. ३ डिसेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्दच केला. फेरमतदान २६ तारखेला. कॅनडाने ५०० निरीक्षक पाठवायचं ठरवलं. प्रमुख माजी पंतप्रधान जॉन टर्नर आणि माणसं निवडायचं काम 'कॅनाडेम' या संस्थेकडे.

आता गंमत बघा. कॅनडात युक्रेनियन वंशाचे लोक दहा लाखांहून जास्त. भाषा येते, आजीचं गाव माहीत असतं. म्हणजे परफेक्ट कँडिडेट? पण त्यातल्या कित्येकांचा जीव त्या चौकातल्या नारिंगी झेंड्यांत अडकलेला! निरीक्षकाला तर बाजू असून चालत नाही. मी असते तर आजीच्या गावावरून कुणाला बाद केलं नसतं. मनात कल असतोच हो, माझ्याही आणि तुमच्याही. प्रश्न तो कागदावर उतरतो का, हा.

कारण कामच तसं आहे. युरोपातल्या ओएससीई या संघटनेच्या मोहिमांत दोघादोघांची जोडी असते, शक्यतो वेगवेगळ्या देशांची. सोबत दुभाषी आणि ड्रायव्हर. पहाटे केंद्र उघडण्याआधी हजर, रात्री मोजणी संपेपर्यंत उभं. आणि चूक दिसली तरी थांबवायची नाही! फक्त बघायचं, विचारायचं, फॉर्मवर लिहायचं. देशोदेशीच्या निरीक्षक संस्थांनी २००५मध्ये संयुक्त राष्ट्रांत जी आचारसंहिता स्वीकारली, तीही हेच सांगते: निःपक्ष राहा, ढवळाढवळ करू नका.

म्हणून माझा इंटरव्ह्यूचा प्रश्न एकच असता. 'डोळ्यांदेखत कुणी मतपेटीत मतपत्रिकांचा गठ्ठा कोंबला, तर काय कराल?' 'जाऊन हात धरीन' म्हणणारा तडफदार गडी आउट. 'वेळ आणि केंद्राचा नंबर लिहीन' म्हणणारा इन. आपल्या ऑफिसात पहिल्याला प्रमोशन मिळतं आणि दुसऱ्याला 'इनिशिएटिव्ह घेत नाही' असा शेरा! पण पाहुण्याने हात धरला, की हरलेल्याला ओरडायला निमित्त मिळतं: परदेशी लोकांनी निवडणूक फिरवली. नोंद मात्र कुणाला सहज झटकता येत नाही.

आपण अर्ज करायचा का? थांबा. ओएससीईच्या ५७ देशांत भारत नाही, युरोपियन युनियनला मुख्यतः आपलेच नागरिक लागतात आणि राष्ट्रकुलाची बोलावणी बहुधा माजी निवडणूक आयुक्तांसारख्या बड्यांना. कॅनडाची सिटिझन झालेल्या माझ्या मावसबहिणीला मात्र मी सगळं समजावलं. फोनवर म्हणाली, 'दिवसभर कुणाला काही बोलायचंच नाही? ताई, तुला माहितेय ना मी कशी आहे ते!'