‘आ’ करून दाखव

पुण्याच्या पौड रस्त्यावर पिरंगुट ओलांडलं की कासार आंबोली येते. अशा गावांच्या अंगणवाड्यांत आणि शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं आणि मुलांना ‘आ’ करायला लावतं. फुगलेले टॉन्सिल कुणालाही दिसतात. त्याच मुलाच्या हृदयाला छिद्र आहे का, दात पडला तेव्हा रक्त किती वेळ वाहिलं, हे मात्र विचारावं लागतं. ते विचारण्याची शिस्त लागायला बरीच दशकं गेली.

१९३४ मधली न्यूयॉर्कची एक पाहणी आजही डॉक्टर एकमेकांना सांगतात. अकरा वर्षांची हजार शाळकरी मुलं घेतली, तर ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले! उरलेल्यांतल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया सुचवली गेली. ज्यांना ‘गरज नाही’ म्हटलं, ती मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली. त्यांनीही निम्म्याच्या आसपास निवडली. तिसऱ्या फेरीअखेर सुटली ती फक्त ६५. गाठी तेवढ्या तपासल्या जात होत्या.

धडा शिकवला पोलिओने. १९४१ साली अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात एकाच घरच्या पाच भावंडांचे टॉन्सिल काढले गेले. पाचांनाही पोलिओने गाठलं, तिघं दगावली. पुढे साथीच्या दिवसांत ही शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा सल्ला रूढ झाला.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने कोणत्या मुलांची टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेआधी झोपेतली तपासणी करावी, हे लिहूनच दिलं: लठ्ठ मुलं, डाउन सिंड्रोम असलेली, स्नायूंचे किंवा चेहऱ्याच्या हाडांचे दोष असलेली, सिकलसेलची. शिवाय डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, आणि टॉन्सिल काढताना तर मान मागे ताणावी लागते.

मग आलं २०१३. त्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधून बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन हे वेदनाशामक देण्याविरुद्ध कडक इशारा दिला. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने बनतं. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आधीच असेल, तर श्वास थांबू शकतो. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये सिकलसेलच्या रुग्णांवरचा अभ्यास आला: शस्त्रक्रियेआधी रक्त न दिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना गुंतागुंत झाली, दिलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. विदर्भ आणि नंदुरबारसाठी ही बातमी घरचीच. टॉन्सिल काढल्यावर घसा दुखतो म्हणून मूल पाणी पीत नाही, शरीर कोरडं पडतं आणि लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात. हे पूर्वी घरच्यांना कोण समजावत होतं?

रक्तस्रावाची भीती तर धडधाकट मुलालाही असते. जखमेवरची पांढरी खपली साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी सुटते, म्हणजे मूल घरी परतल्यावर. हिमोफिलिया किंवा फॉन विलेब्रांडचा आजार असेल, तर रक्त गोठवणाऱ्या घटकाची तजवीज तोवर ठेवावी लागते. कासार आंबोलीच्या घरात मध्यरात्री उशी लाल झाली, तर पुढचा प्रवास घाट ओलांडून भूगाव, चांदणी चौक असा. मामाचं घर कोथरूडला असेल, तर ते दहा दिवस मुलाला तिथेच ठेवलेलं बरं.