कापसाच्या घरातला पंखा

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. भाव चढायची वाट पाहत कापूस इथं घरातच भरून ठेवतात. एक खोली आढ्यापर्यंत भरते आणि लगतच्या खोलीत झोप, अभ्यास, कॉम्प्युटर सगळं चालतं. फेब्रुवारीत अशाच एका घरी गेलो होतो. "हा पंखा थांबतच नाही ना जी, दिवसभर घोंघावून राहिला," काकू म्हणाल्या. मुलीची तक्रार वेगळी होती. परीक्षेचा फॉर्म भरताना कॉम्प्युटर अडकतो. मला दोन्हींचं मूळ एकच वाटलं.

कॉम्प्युटरमधला हा पंखा आपल्या मर्जीनं पळत नाही. मदरबोर्ड प्रोसेसरचं तापमान वाचतो आणि पंख्याच्या चौथ्या तारेतून, सेकंदाला सुमारे 25 हजार स्पंदांच्या रूपात, किती जोरात फिरायचं ते सांगतो. ती तार तुटली तर पंखा पूर्ण वेगानं धावतो, आणि तशी रचना मुद्दामच केलेली आहे. आवाज झाला तरी चालेल, प्रोसेसर तापू नये. म्हणूनच एखादं सॉफ्टवेअर टाकून पंख्याचा वेग दाबायचा सल्ला मला अजिबात पटत नाही.

आधी टास्क मॅनेजर उघडला. मागं अपडेट किंवा व्हायरस स्कॅन चालू असेल तर पंखा चढतोच, पण इथं प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता. मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शिरलो. तिथं विंडोज नसतं, त्यामुळे सॉफ्टवेअरचा संशय मिटतो. काहीही काम नसताना तापमान 80 अंशांच्या वर होतं. बहुतेक प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचले की जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतात. फॉर्म अडकत होता तो त्यामुळे.

प्लग काढला, चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून उरलेली वीज जाऊ दिली आणि डबा अंगणात आणून बाजूचा पत्रा उघडला. वरून पाहिलं तर पंख्यावर जेमतेम धूळ. इथंच बरेच जण फसतात, कारण घाण पंख्यावर थांबत नाही, त्याच्या खाली बसते. पंखा सोडवला तेव्हा हीट सिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवर, करडा, दाट थर निघाला. बोटानं उचलला तर अख्खा हातात आला. इकडच्या कापसाचा धागा साधारण 28 ते 30 मिलिमीटर लांब आणि हीट सिंकच्या पात्यांमधली फट जेमतेम एक-दोन मिलिमीटर. तुटका तंतूही दोन पात्यांवर आडवा पडतो, त्यावर दुसरा अडकतो, आणि मग धूळ त्यातच गाळली जाते. हवा आत जायला वाटच उरत नाही.

रंगाच्या कोरड्या ब्रशनं फटी मोकळ्या केल्या. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवली. मोकळी सोडली की ती भलत्या वेगानं फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. हीट सिंक काढला तर प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट वाळून भेगाळली होती. ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसली आणि तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. वीज पुरवणारा एसएमपीएस मात्र उघडला नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते, म्हणून त्याला बाहेरूनच ब्रश.

तापमान उतरलं, पण एक आवाज उरलाच. कागदाची नळी कानाला लावून शोधलं तर तो मागच्या पंख्याचा निघाला. बदलताना कुणीतरी तीन तारांचा पंखा चार पिनांच्या जागी बसवला होता. त्याला चौथी तारच नाही, त्यामुळे बोर्डाचा हुकूम पोचत नाही आणि तो कायम पूर्ण 12 व्होल्टवर पळतो. बायोसमध्ये त्या जागेची सेटिंग पीडब्ल्यूएमवरून, म्हणजे चौथ्या तारेतल्या स्पंदांवरून, डीसीवर नेली. आता बोर्ड व्होल्टेज कमी-जास्त करून त्याला आवरू लागला. सगळ्या बोर्डांवर ही सोय नसते, इथं होती.

काकूंना एवढंच सांगितलं की मे महिन्यात दुपारी पारा 45 च्या वर गेला की पंखा पुन्हा जोर धरेल, तेव्हा घाबरू नका. खोलीतल्या हवेपेक्षा थंड प्रोसेसर कुठलाही पंखा करू शकत नाही. कूलरचा झोत मात्र डब्यावर सोडू नका, ओल्या हवेत तंतू घट्ट चिकटतात. डबा जमिनीवरून उचलून टेबलावर, भिंतीपासून हातभर लांब ठेवला. कापूस विकून खोली झाडली, की त्यानंतर पुन्हा उघडायचा. मुलीनं पत्र्याचे स्क्रू स्वतः लावले आणि पेस्टची उरलेली ट्यूब मागून घेतली.