दोन वेळांचे एक गाणे

मैफलीतले ध्वनिमुद्रण अस्सल आणि स्टुडिओतले घडवलेले, अशी विभागणी आपण सहज करून टाकतो. जुन्या मैफलींच्या फिती जपणाऱ्या आपल्याकडच्या रसिकांची तर तशी श्रद्धाच असते. ही विभागणी कितपत टिकते, हे तपासायला ‘रेडिओहेड’ या इंग्लिश रॉक बँडचे ‘माय आयर्न लंग’ हे गाणे उपयोगी पडते.

ऑक्सफर्ड परिसरातल्या या पाच जणांना ‘क्रीप’ या १९९२च्या गाण्याने जगभर नाव मिळवून दिले आणि त्याच गाण्याने अडकवूनही ठेवले. श्रोते तेवढेच मागू लागले. आयर्न लंग म्हणजे पोलिओच्या रुग्णांचा श्वास चालू ठेवणारे पोलादी यंत्र. रुग्ण त्याच्यामुळे जगतो आणि त्याच्याच आत बंदिस्त राहतो. ‘क्रीप’शी असलेले आपले नाते बँडने या रूपकातून मांडले.

१९९४मध्ये निर्माते जॉन लेकी यांच्याबरोबर दुसऱ्या अल्बमचे, ‘द बेंड्स’चे, काम चालू होते. या गाण्याचे स्टुडिओतले मुद्रण मनासारखे होईना. मधल्या काळात बँड दौऱ्यावर निघाला. २७ मे १९९४ रोजी लंडनच्या ‘अ‍ॅस्टोरिया’ सभागृहातला त्यांचा कार्यक्रम मुद्रित झाला आणि स्टुडिओत हाती न लागलेला आवेश त्या वादनात सापडला. अल्बमसाठी तेच वादन घेतले गेले. मात्र प्रेक्षकांचा आवाज काढून टाकला आणि थॉम यॉर्क यांनी गायन नव्याने मुद्रित केले.

हे शक्य होते ते बहुपट्टी मुद्रणामुळे. त्यात ड्रम, गिटार, गळा असे प्रत्येकाचे ध्वनी वेगवेगळ्या पट्ट्यांवर उतरतात. एक पट्टी बंद करून तिच्या जागी दुसरी घालता येते. मंचावर एका मायक्रोफोनमध्ये शेजारच्या वाद्याचा आवाज झिरपतोच, त्यामुळे ही शस्त्रक्रिया नाजूक असते.

म्हणजे मार्च १९९५मध्ये आलेल्या ‘द बेंड्स’वर आपण जे ऐकतो, त्यात हात एका रात्रीचे आहेत आणि गळा दुसऱ्या दिवसाचा. अल्बमवर हे गाणे स्टुडिओतल्या गाण्यांच्या ओळीत बेमालूम बसते. त्याच कार्यक्रमाची चित्रफीतही १९९५मध्ये निघाली. तिच्यात त्या रात्रीचे गायन आणि प्रेक्षकांचा गलका ऐकू येतो. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. वादन ओळखीचे लागते, पण चित्रफितीतला गळा दमलेल्या, घामाघूम झालेल्या माणसाचा आहे. अल्बमवरच्या गळ्याला पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा होती.

यांतले खरे कोणते? मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. अल्बमने गाणे राखले, चित्रफितीने प्रसंग राखला. अभ्यासकाने वेष्टनावरच्या ‘लाइव्ह’ या शब्दावर विसंबू नये. कोणता ध्वनी केव्हाचा, काय काढले, काय भरले, हे विचारावे. आपल्या मैफलींच्या फितींनाही हे प्रश्न विचारायला हवेत. संपादित फीत बाजारात येते आणि मूळ फीत कपाटात झिजते, तेव्हा प्रसंगाचा एकमेव साक्षीदार जातो.

१९२७मध्ये चित्रपटगृह म्हणून उघडलेले ‘अ‍ॅस्टोरिया’ २००९च्या जानेवारीत बंद झाले. नव्या रेल्वेमार्गासाठी त्याच वर्षी ते पाडले गेले. त्या भिंतींमध्ये त्या रात्री उठलेला गलका आता फक्त चित्रफितीत उरला आहे. अल्बममध्ये तो नको म्हणून पुसला होता.