मोठे मॉडेल विमान उडवताय? आधी वायरिंग तपासा

बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्यामुळे अमरावतीत रिमोटचे मोठे विमान उडवणाऱ्यांची जबाबदारी वाढली आहे.

धोका कुठे?
रिसिव्हरची वीज क्षणभर तुटली, तरी ताबा सुटतो. दहा किलोचे विमान मग कुठेही कोसळू शकते.

जोडणी कशी करावी?
• रिसिव्हरला दोन स्वतंत्र बॅटऱ्या द्या. एक बंद पडली, तर दुसरी चालते.
• पंख व शेपटीचे भाग हलवणाऱ्या सर्व्हो मोटरना जाड वायर वापरा.
• वायरचे जोड क्लिपने पक्के करा. इंजिनच्या कंपनांनी ते निसटतात.
• रिसिव्हरच्या दोन अँटेना काटकोनात बसवा.
• सिग्नल तुटताच इंजिन बंद होईल, असे 'फेलसेफ' लावा. विमान बांधून ठेवून, रिमोट बंद करून ते तपासा.

उन्हाळ्यात काय?
मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. लिथियम बॅटरी बंद गाडीत ठेवू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका.

नियम काय सांगतो?
ड्रोन नियम २०२१ नुसार मॉडेल विमान २५ किलोपर्यंतचे असावे आणि नजरेच्या टप्प्यातच उडवावे. उडवण्याआधी 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते, हे पाहा.