लाँग कोविड : बऱ्या दिवसाचेही पथ्य

कोविडची चाचणी निगेटिव्ह आली, की घरच्यांच्या लेखी आजार संपतो. काहींच्या वाट्याला मात्र त्यानंतरही दीर्घ दुखणे येते. मे २०२० मध्ये इटलीतील पुरातत्त्वज्ञ एलिसा पेरेगो यांनी स्वानुभवावरून त्याला 'लाँग कोविड' म्हटले आणि रुग्णाने दिलेले ते नाव रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१ मधील व्याख्येनुसार, संसर्गानंतर साधारणपणे ३ महिन्यांनी आढळणारी, किमान २ महिने टिकणारी आणि अन्य निदानाने उलगडा न होणारी लक्षणे म्हणजे हा विकार. थकवा, धाप आणि विस्मरण ही त्यांतील प्रमुख.

अनेक रुग्णांच्या थकव्याची गोम अशी, की तो उशिरा गाठतो. आज केलेल्या श्रमांचा त्रास बहुधा १२ ते ४८ तासांनी उफाळतो आणि कित्येक दिवस अंथरूण सुटत नाही. म्हणूनच बरा दिवस अधिक फसवा. साचलेली कामे एका दमात उरकण्याचा मोह त्याच दिवशी होतो.

अशा वेळी कामांचे तुकडे पाडावेत, भाजी बसून चिरावी, दमण्यापूर्वीच थांबावे. कशानंतर त्रास वाढला, याची वहीत नोंद ठेवावी. छातीत दुखल्यास किंवा धाप वाढल्यास विनाविलंब डॉक्टरांना गाठावे.

या विकाराचे निश्चित निदान करणारी एकच एक चाचणी नाही. त्यामुळे रक्ताचे अहवाल निर्दोष आले, तरी रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाही. 'जरा चाल, बरे वाटेल' असा आग्रह धरण्यापेक्षा घरच्यांनी त्याच्या हातचे एखादे काम उचलावे.